परिणामकारक संकेतस्थळ कसे असावे? केळी उत्पादक गटासाठीच्या प्रकल्पावर मत हवे आहे

केळीपट्टा (विद्यार्थी, यावल तालुका)

सर्वांना नमस्कार. मी जळगावच्या एका महाविद्यालयात बीसीएच्या अखेरच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत गावी मराठी माध्यमात शिकलो, बारावी फैजपूरला झाली आणि घरी केळीची शेती आहे. माझ्या वयाच्या बहुतेकांप्रमाणे मलाही इंटरनेट आधी मोबाइलवर भेटले आणि संगणक पुष्कळ नंतर. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर घरात पहिला स्मार्टफोन आला, तो वडिलांचा, आणि त्यावर हवामान, भाव आणि निकाल पाहण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे संकेतस्थळ म्हटले की आजही माझ्या डोळ्यांसमोर हातातला उभा पडदा येतो, प्रयोगशाळेतला आडवा नाही. ही पार्श्वभूमी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझी मते तिच्यातूनच तयार झाली आहेत आणि ती कुठे एकांगी होतात हे बाहेरच्या माणसाला अधिक लवकर दिसेल.

अखेरच्या सत्राचा प्रकल्प म्हणून मी आमच्या भागातल्या एका केळी उत्पादक गटाचे संकेतस्थळ करतो आहे. गटाच्या कार्यालयात सकाळपासून फोन वाजत असतो आणि विचारणा जवळजवळ ठरलेली असते: आज नवतीला (नव्या लागवडीच्या केळीला) काय भाव, पिलबागला (खोडव्याच्या केळीला) काय, वापसीचे (दुय्यम प्रतीच्या मालाचे) काय धरले, कापणीची टोळी आमच्याकडे केव्हा येणार आणि गाडी कधी लागणार. माझे म्हणणे असे आहे की या प्रश्नांची उत्तरे ज्या पानावर बोट न सरकवता दिसतात, ते पान चांगले. माणूस किती वेळ थांबला यापेक्षा तो किती लवकर काम उरकून निघाला, हे मला महत्त्वाचे वाटते. वर्गात आम्हाला याच्या उलट शिकवले जाते. पाहुणा जास्तीत जास्त वेळ कसा रेंगाळेल, ही तिथली कसोटी आहे. बातम्यांच्या किंवा खरेदीच्या संकेतस्थळाला ती लागू असेलही, पण बांधावर उभा असलेला शेतकरी रेंगाळायला आलेला नसतो.

बांधावरून आठवले. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. फोन तापला की तो स्वतःच पडद्याचा उजेड कमी करतो, आणि नेमका त्याच वेळी बाहेर डोळे दिपवणारे ऊन असते. हल्लीच्या पुष्कळ आराखड्यांत दिसणारी पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरे अशा वेळी निव्वळ नाहीशी होतात. सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेडाच्या फरकाचे (काँट्रास्टचे) किमान प्रमाण ४.५ ला १ असे दिले आहे. मी मोजून पाहिले, तर ७७७ या संकेताचा सर्रास वापरला जाणारा राखाडी रंग पांढऱ्यावर ४.४८ भरतो, म्हणजे थोडक्यात नापास होतो. ही तत्त्वे दृष्टिदोष असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली असली, तरी उन्हात उभा राहिलेला धडधाकट माणूसही काही वेळापुरता त्याच अवस्थेत असतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संस्थेत उभे केलेले जगातले पहिले संकेतस्थळ आजही पाहायला मिळते आणि ते क्षणात उघडते, कारण त्यात मजकूर आणि दुवे यांखेरीज काहीच नाही. मी काही तिथवर मागे जा असे म्हणत नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्कचा एखादाच दांडा असताना जे पान उघडत नाही, ते कितीही सुंदर असले तरी त्या शेतकऱ्यापुरते अस्तित्वात नाही.

आता अडचण सांगतो. मूल्यमापनाच्या तक्त्यात दृश्य आकर्षकतेला भरपूर गुण आहेत. मार्गदर्शक सरांना वर सरकत्या चित्रांची पट्टी, हलणारी अक्षरे आणि मागे केळीबागेची चित्रफीत हवी आहे. गटातल्या ज्येष्ठांना पहिल्या पडद्यावर पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि अध्यक्षांचे मनोगत हवे आहे, शिवाय केळीचे संकेतस्थळ म्हणून सगळे पिवळे हवे आहे. या दोन्ही मागण्यांच्या मधोमध आजचा भाव तिसऱ्या पडद्यावर ढकलला जातो. मला विचारायचे आहे ते असे: सौंदर्याला मी दुय्यम धरतो आहे ते योग्य आहे का? आणि माझी मांडणी खरोखर कामाची आहे की नाही, हे हाताशी मोजकी माणसे असताना कसे तपासावे? शिवाय मजकूर पूर्णपणे मराठीत असल्यामुळे फॉन्टविषयी काही सांगता आले, तर तेही हवे आहे.

चोपडेकर (सध्या पुणे, संकेतस्थळे बांधण्याचा व्यवसाय)

आपले लेखन आवडले आणि त्यातल्या बऱ्याचशा मतांशी मी सहमत आहे. पण सौंदर्य आणि उपयोग यांना आपण दोन पारड्यांत टाकले आहे, तिथे माझा आक्षेप आहे. १९९५ मध्ये जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या दोन संशोधकांनी बँकेच्या एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. ज्या मांडण्या दिसायला चांगल्या वाटल्या, त्या लोकांनी वापरायलाही सोप्या असल्याचे सांगितले. सोपे वाटण्याचे दिसण्याशी असलेले हे नाते प्रत्यक्ष सोपेपणाशी असलेल्या नात्यापेक्षा अधिक बळकट होते. पुढे २००६ मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात गिटे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पान दिसायला कसे आहे याविषयीचे मत अवघ्या ५० मिलिसेकंदांत तयार होते आणि ते बऱ्यापैकी टिकते. याचा अर्थ शेतकरी आपला भाव वाचण्याआधीच पानावर विश्वास ठेवायचा की नाही, हे अर्धेअधिक ठरवून बसलेला असतो. गबाळ्या पानावरचा खरा भावसुद्धा खोटा वाटू शकतो.

म्हणून सौंदर्य हवेच. ते कशात शोधायचे, हा खरा प्रश्न आहे. सरकती पट्टी हे सौंदर्य नव्हे, ती निर्णय टाळण्याची युक्ती आहे. पहिल्या पडद्यावर काय ठेवायचे यावर बैठकीत एकमत झाले नाही की सगळ्यांचेच ठेवायचे आणि ते फिरवत राहायचे, असा तिचा इतिहास मी अनेक कार्यालयांत पाहिला आहे. आपल्या सरांना पटवायचे असेल तर त्याच मार्गदर्शक तत्त्वांतला दुसरा नियम दाखवा. जी हालचाल आपोआप सुरू होते, पाच सेकंदांहून जास्त चालते आणि इतर मजकुराच्या सोबतीने दिसते, ती थांबवण्याची सोय दिलीच पाहिजे. सरकारी संकेतस्थळांवरच्या लाल सरकत्या पट्ट्या हा नियम किती पाळतात, यावर न बोललेले बरे.

त्याऐवजी मोकळी जागा, अक्षरांच्या आकारातला स्पष्ट फरक, एकच ठळक रंग आणि एकच उत्तम फोटो एवढ्यावर पान देखणे होते. आकडे हेच आपल्या पानाचे चित्र आहे असे धरा. नवतीचा भाव मोठ्या, जाड अंकांत, त्याखाली तारीख आणि वार, शेजारी कालच्या तुलनेत फरक. तारीख विसरू नका. जुना भाव तारखेविना दिसणे हे भाव न दिसण्यापेक्षा घातक आहे, कारण त्यावर कोणी तरी व्यवहार ठरवून मोकळा होतो. वाढ हिरव्यात आणि घट लाल रंगात दाखवणार असाल, तर सोबत वर-खाली जाणारा बाणही द्या. लाल-हिरव्यातला भेद न कळणारे पुरुष आपल्याला वाटतात त्याहून बरेच असतात आणि अर्थ एकट्या रंगावर सोपवू नये, हे तत्त्वही तिथे लिहिलेले आहे. पिवळ्याचेही तसेच. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्या अक्षरांचे प्रमाण जेमतेम १.०७ भरते, मात्र पिवळ्यावर काळे अक्षर १९ च्या पुढे जाते. तेव्हा पार्श्वभूमी खुशाल पिवळी करा आणि अक्षरे काळी ठेवा. ज्येष्ठही खूश होतील आणि बांधावरच्या माणसालाही वाचता येईल.

वेगाबद्दल गुगलने घालून दिलेले निकष आता सर्वत्र चालतात: मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मांडणी उघडताना हलू नये. शेवटच्या निकषाकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात. वाचक टोळीच्या नोंदीचे बटण दाबायला जातो, तेवढ्यात वर उशिरा आलेला फोटो सगळे खाली ढकलतो आणि भलतेच बटण दाबले जाते. फोटोची रुंदी आणि उंची कोडमध्ये आधीच लिहून ठेवली, तर ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. दुसरे असे की, फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो आणि तो तसाच चढवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो पडद्याच्या मापात आणून वेबपी या हलक्या चित्र-स्वरूपात ठेवला, तर शंभर-दीडशे केबीत काम भागते. क्रोममधल्या लाइटहाउस या पान तपासणाऱ्या साधनाने सरांना हवा तसा आणि आपला साधा, असे दोन्ही नमुने मोजून अहवालात शेजारी शेजारी ठेवा. परीक्षकांशी वाद घालण्यापेक्षा मोजमाप पुढे ठेवलेले चांगले, असा माझा अनुभव आहे.

तपासणीविषयी वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचे २००० मधले विवेचन प्रसिद्ध आहे: पाच माणसांकडून वापरून घेतले की अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के उघड होतात. हा आकडा एका सूत्रातून आलेला आहे आणि प्रत्येक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे, म्हणून तो दगडावरची रेघ मानू नये. वापरणारे दोन वेगळ्या प्रकारचे असतील, जसे आपल्याकडे शेतकरी आणि व्यापारी, तर दोन्ही गटांतली माणसे वेगळी घ्यावीत. त्यांना ‘आवडले का’ असे विचारू नका, कारण आपल्याकडे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. ‘परवाचा पिलबागचा भाव शोधून द्या’ असे काम सांगा, हाताची घडी घाला आणि बोट कुठे कुठे जाते ते पाहत राहा.

खिळेकाम (धुळे)

तू फॉन्टविषयी विचारले आहेस, म्हणून मी लिहितो. कोडिंग मला येत नाही. माझी सुरुवात छापखान्यात खिळे (धातूचे टाइप) जुळवण्यापासून झाली, नंतर डीटीपी म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि श्री-लिपी या सॉफ्टवेअरवर पुष्कळ वर्षे मजकूर बसवला. त्या काळचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून केलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर उघडला की अगम्य रोमन अक्षरे दिसत आणि शोधयंत्राला तर त्यात मराठी आहे याचा पत्ताच लागत नसे. तुझ्या गटाकडे जुनी माहितीपत्रके असतील, तर ती बहुधा अशाच फॉन्टमध्ये असतील. ती युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षर-संकेतात) बदलून घेताना परिवर्तकावर आंधळा विश्वास ठेवू नकोस. तुझ्या पानावर सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘शेतकऱ्यांना’ हाच असणार. त्यातला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हमखास बिघडतो आणि ‘शेतकर्यांना’ असे काही तरी उमटते. बदललेल्या मजकुरात ‘र्य’ शोधून काढ आणि प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी तपास, कारण ‘कार्य’ आणि ‘सूर्य’ बरोबरच असतात आणि सरसकट बदल केलास तर तेही बिघडतील.

इंग्रजी पानांसाठी बनवलेले तयार साचे मराठी मजकुराला तसेच लावले की काय होते, ते रोज पाहतो. त्या साच्यांत मथळ्याची अक्षरे एकमेकांपासून थोडी दूर सरकवलेली असतात. रोमन लिपीत ते शोभते, देवनागरीत मात्र शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अक्षरांमधले अंतर वाढवणारी ती आज्ञा शोधून शून्य कर. तिरप्या अक्षरांचेही तसेच आहे. आपल्या बहुतेक फॉन्टमध्ये तिरके वळण वेगळे काढलेले नसते, म्हणून ब्राउझर उभे अक्षरच ढकलून तिरके करतो आणि ते केविलवाणे दिसते. भर द्यायचा असेल तर जाड वजन (बोल्ड) वापर. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते, कारण आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असा दोन्हीकडून पसारा असतो. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवलेस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडणार नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या भाच्याने सांगितली आणि ती मी स्वतः पडद्यावर पाहिली. पानाची भाषा मराठी आहे असे कोडच्या सुरुवातीला लिहून ठेवले, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श ही अक्षरे आपल्या मराठी वळणाने येतात, नाही तर हिंदी वळणाने. फोनवर मजकूर वाचून दाखवणारी सोय आणि ब्राउझरचे भाषांतरही याच खुणेचा आधार घेतात, असे तो म्हणाला. मुक्त आणि मोफत फॉन्टमध्ये मला एक टाइप या संस्थेचा मुक्ता आवडतो, तो लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. दोनच वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) घे. देवनागरीत जोडाक्षरे असल्यामुळे फॉन्टची फाइल रोमनपेक्षा मोठी होते आणि तुला वजनाची काळजी आहे, तेव्हा पाच-सहा वजनांचा शौक परवडणार नाही.

सेवाकेंद्र (तळोदा, जि. नंदुरबार)

भाऊ, मी अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवते. डिझाइन शिकलेली नाही, पण लोक पडद्यापुढे कुठे अडतात ते दिवसभर पाहते, म्हणून फक्त अर्जाबद्दल लिहिते. तुमच्या संकेतस्थळावर टोळीची नोंद असेल म्हणजे अर्ज असणारच.

एका योजनेच्या अर्जात जन्मतारीख लिहिता येत नाही, दिनदर्शिकेतून निवडावी लागते आणि ती चालू महिन्यावर उघडते. समोरच्या आजोबांचा जन्म १९५८ चा. मागे जाण्याचा बाण दाबून दाबून तिथवर पोहोचायचे, तोपर्यंत वेळ संपली म्हणून पान बाहेर काढते आणि भरलेले सगळे जाते. तारखेसाठी दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी दिल्या आणि अंकांचाच कळफलक उघडला, तर हे काम चुटकीसरशी होते. वेळेची मर्यादा ठेवायचीच असेल तर आधी सूचना द्यावी आणि वेळ वाढवून घेण्याची सोय द्यावी.

ओटीपीचा विचारही नीट करा. आमच्याकडे बऱ्याच घरांत नोंदवलेला क्रमांक सुरतेला कामाला गेलेल्या मुलाचा असतो. आई-वडील केंद्रात बसलेले, ओटीपी सुरतेच्या कारखान्यात, आणि मुलाचा फोन कामाच्या वेळेत बंद. साध्या नोंदीला ओटीपी हवाच का, हे आधी ठरवा. चूक दाखवतानाही ज्या चौकटीत चूक आहे, तिच्याच खाली साध्या मराठीत लिहा. वर लाल अक्षरांत एक वाक्य आणि खाली वीस चौकटी, अशा वेळी माणूस कुठली चौकट दुरुस्त करायची ते विचारायला माझ्याकडे येतो. माझा धंदा त्यावर चालतो हे खरे, तरी सांगते.

रावेरचा शेतकरी

सगळ्यांचे वाचले. मला एवढेच विचारायचे आहे की, भाव तर रोज व्हॉट्सॲपच्या गटावर येतो, रावेरचाही आणि बऱ्हाणपूरचाही. मग संकेतस्थळ उघडायला कोण जाणार? पोराने मेहनत करायची आणि गुण मिळाल्यावर ते पान तसेच पडून राहायचे, असे होऊ नये. रोज भाव कोण भरणार, ते आधी ठरवा.

केळीपट्टा

दादा, काका, ताई आणि रावेरचे भाऊ, सर्वांचे मनापासून आभार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत अवघड आहे. व्हॉट्सॲपवर आजचा भाव मिळतो हे खरे आहे, पण तो बहुतेक वेळा चित्राच्या रूपात येतो आणि दोन दिवसांत शेकडो सुप्रभात संदेशांखाली गाडला जातो. मागच्या वर्षी याच आठवड्यात पिलबागला काय मिळाले होते, हे तिथे शोधता येत नाही. लागवड कोणत्या हंगामाची धरायची, मृगबाग की कांदेबाग, याचा विचार करताना तीच माहिती लागते. म्हणून संकेतस्थळ व्हॉट्सॲप गटाच्या स्पर्धेत उतरवण्यापेक्षा त्याच्या पाठीशी उभे करावे, असे ठरवतो आहे. रोजच्या भावाचा दुवा व्हॉट्सॲप गटावर टाकला की तारीख आणि नवतीचा भाव दुव्यासोबत येणाऱ्या छोट्या चौकटीतच दिसेल. ज्याला तेवढेच हवे, त्याला आत यायचीही गरज राहणार नाही. आत मागच्या भावांची नोंद राहील. भाव भरण्यासाठी उत्पादक गटाच्या लेखनिकाला फोनवरच तीन चौकटी आणि एक बटण असलेले पान देतो आहे. सकाळी अकरापर्यंत भाव भरला गेला नाही, तर पहिल्या पडद्यावर कालचा भाव कालच्या तारखेसह आणि ‘आजचा भाव अजून आलेला नाही’ या वाक्यासह दिसेल.

ताईंचे वाचल्यावर टोळीच्या नोंदीतली ओटीपीची पायरी काढून टाकतो. नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि अंदाजे किती घड कापायचे एवढेच विचारणार आहे. पुढचे कार्यालयातून फोन करून ठरते, तसे ते आजही ठरतेच.

चोपडेकर दादांशी एका बाबतीत मी अजून सहमत नाही. पहिल्या पडद्यावर एकही फोटो नको, असेच मला अजून वाटते. अंक आणि पिवळी पार्श्वभूमी यांवरच पान उभे राहते की नाही ते आधी पाहतो. पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि मनोगत यांना स्वतंत्र पान दिले आहे आणि तिथे ते आत्ताच्या मागणीपेक्षा मोठे दिसतील, असे सांगितल्यावर ज्येष्ठांचा विरोध बराच मावळला. सरांपुढे मोजमाप ठेवायचे अजून बाकी आहे.

खिळेकाम काका, एक शंका उरली आहे. भाव देवनागरी अंकांत द्यावा की रोमन? गावातले दोन्ही वाचतात.

खिळेकाम (धुळे)

दोन्ही चालतील, पण एका पानावर एकच ठेव. देवनागरी ठेवणार असशील तर फॉन्ट निवडताना १ आणि ९, तसेच ४ आणि ५ हे अंक लहान आकारात छापून घे आणि हात लांब करून वाचून पाहा. काही फॉन्टमध्ये १ ची शेपटी आणि ९ ची गाठ इतकी सारखी असते की १४५० चा भाव ९४५० वाचला जाईल. मागच्या भावांच्या तक्त्यात सर्व अंक सारख्या रुंदीचे येतील असे बघ, म्हणजे शतकाखाली शतक आणि दशकाखाली दशक बसेल. तक्त्याचे स्तंभ उजवीकडून जुळव. अर्जात मात्र मोबाइल क्रमांक कोणी रोमन अंकांत लिहील, कोणी देवनागरीत. दोन्ही स्वीकारून आतल्या आत एकाच रूपात साठवता येतात असे भाचा म्हणतो, ते कसे करायचे ते तुला माहीत असेलच.